लॅम्ब्स इअर मागवलं, डस्टी मिलर आलं: रोपं घेताना काय तपासावं

लोकरीसारख्या रुपेरी पानांचं लॅम्ब्स इअर म्हणून इंदूरला कुरिअरने आलेली रोपं चक्क तशाच रुपेरी पानांच्या डस्टी मिलरची निघाली. पैसे आगाऊ भरलेले. तक्रार केली तर उत्तर आलं, "रोप लहान आहे, मोठं होऊ द्या." मग फोन उचलणंच बंद!

डस्टी मिलरचं पान एरवी नक्षीसारखं खोल कातरलेलं असतं. पण आलेली रोपं डस्टी मिलरच्याच 'सिरस' (Cirrus) या जातीची होती. तिचं पान रुंद, कमी कातरलेलं, त्यामुळे लहानपणी सहज चकवतं. वाट बघत बसलात की परतीची मुदत उलटते.

ओळख फुटव्यावरून पटवा. लॅम्ब्स इअर तुळस-पुदिन्याच्या कुळातलं. त्याची कोवळी पानं समोरासमोर जोडीने निघतात, कडेला खोल काप नसतात आणि फुलाचा दांडा चौकोनी लागतो. डस्टी मिलर शेवंतीच्या कुळातलं. त्याची पानं एकाआड एक, फुलं पिवळी. ते विषारी आहे, म्हणून उपटलं तरी गाईपुढे टाकू नका.

काही पिशव्यांत तर मुळंच नव्हती, कोकोपिटात नुसते फाटे खोचलेले. पैसे देण्याआधी पिशवी काढून मुळांचा गड्डा दाखवणारा व्हिडिओ मागा.

"पावसाळ्यातही बिनधास्त टिकतं" ही जाहिरातही खोटी. लॅम्ब्स इअर मूळचं तुर्कस्तान, आर्मेनिया, इराणकडचं. माळव्याच्या पावसात पानांवरची लव पाणी धरून ठेवते, काळी माती निचरा होऊ देत नाही आणि रोप बुडापासून कुजतं. अस्सल रोप मिळालं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कुंडीत लावा: दोन भाग माती, दोन भाग जाड वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत. वरची दोन इंच माती सुकली की सकाळी बुडाशी पाणी घाला, पानांवर अजिबात नको. एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली हवी. पाऊस सुरू झाला की कुंडी छपराखाली घ्या आणि खालची काळी पडलेली पानं लगेच खुडा.

ऑनलाइन घेतलेला माल जाहिरातीप्रमाणे नसेल तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याला तो परत घेणं नाकारता येत नाही. खोकं उघडतानाचा व्हिडिओ, पावती आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, आणि टाळाटाळ झाली तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा.