खेळाडूला दिव्यांगत्व आलं, नोकरी धोक्यात आली: दाद पुण्यात मागायची की मुंबईत?

खेळाडू कोट्यातून नोकरीला लागलेला माझा एक जुना कबड्डीचा चढाईपटू अपघातात गुडघ्याखालचा पाय गमावून बसला. हॉस्पिटलातून घरी आल्यावर पंधरा दिवसांत खात्यातून कुणीतरी राजीनाम्याचा टाइप केलेला कागद घेऊन आलं. खेळणं संपलं म्हणजे नोकरीवरचा हक्कही संपला, असं त्याला स्वतःलाच वाटू लागलं होतं. त्याने सही केली नाही, हे फार मोठं काम झालं. तुमच्यापुढे असा कागद आला असेल तर आधी तो बाजूला ठेवा, मग पुढचं वाचा.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा, लागू झाला 19 एप्रिल 2017 पासून. त्याचं कलम 20(4) सांगतं की सेवेत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं, तेही नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जास्तीचं, पद निर्माण करून त्यावर ठेवायचं. त्याआधीच्या 1995 च्या कायद्यातही असंच संरक्षण होतं. त्याच्याच आधारे 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुणाल सिंग या पाय गमावलेल्या जवानाच्या बाजूने निकाल दिला होता. म्हणजे तुम्ही कोट्यातून आलात की परीक्षा देऊन, याने फरक पडत नाही.

आता प्रश्न कुठे जायचं याचा. पहिला रस्ता पुण्याचा, राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे. पोलीस, महापालिका, जिल्हा परिषद, खासगी अकादमी किंवा क्लब, या सगळ्यांविरुद्धची तक्रार तिथे जाते. रेल्वे, सरकारी बँक, ओएनजीसीसारख्या केंद्राच्या अखत्यारीतल्या नोकऱ्यांसाठी मात्र दिल्लीचे मुख्य आयुक्त. वकील लागतोच असं नाही, साध्या मराठीत लिहिलेला अर्ज चालतो. साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं, हे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आयुक्तांना आहेत. पण शेवटी त्यांच्याकडून निघते ती शिफारस. खात्याने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं, आणि शिफारस मानली नाही तर कारण द्यायचं. लोक याला कमजोरी समजतात. मला मात्र ते लेखी कारण फार मोलाचं वाटतं. ज्या साहेबांनी तोंडी ‘बघू’ म्हणून वर्ष काढलं, त्यांना कागदावर उत्तर द्यावं लागतं, आणि तोच कागद पुढे मुंबईत उपयोगी पडतो.

दुसरा रस्ता मुंबईचा. राज्य सरकारी कर्मचारी असाल तर आधी मॅट (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण), रेल्वेसारखे केंद्र सरकारचे कर्मचारी असाल तर कॅट (केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण), आणि महापालिका किंवा जिल्हा परिषदेचे असाल तर थेट उच्च न्यायालय. इथे मिळतो तो आदेश, आणि मुख्य म्हणजे स्थगिती. आयुक्तांना तुमची बडतर्फी थांबवता येत नाही, न्यायालयाला येते. बदल्यात वकिलाची फी, तारखा, आणि कृत्रिम पाय लावून पहाटे नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेस गाठणं. मॅट आणि कॅटला साधारण एक वर्षाची मुदत असते, म्हणून पुण्याच्या उत्तराची वाट बघत ती घालवू नका.

मी त्याला सांगितलं ते असं: नोकरी कायम आहे, पण खुर्ची, रॅम्प, तळमजल्यावरचं टेबल किंवा वेळेची सवलत मिळत नाही, तर पुणे. काढण्याची नोटीस हातात पडली, तर त्याच आठवड्यात मुंबई. त्याआधी सरकारी कार्यालयातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्या अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत चौकशी करायची असते.

खासगी करारावर खेळणाऱ्यांचं दुखणं वेगळं आहे. कलम 20 सरकारी आस्थापनांपुरतं आहे, त्यामुळे लीगच्या किंवा अकादमीच्या करारावर असाल तर समान वेतनाचं दुसरं पद मागता येत नाही, आणि खासगी मालकाविरुद्धची रिट, म्हणजे उच्च न्यायालयातली याचिका, बहुतेक वेळा टिकत नाही. पण भेदभाव न करण्याचं कलम 3 आहे, आणि वाजवी सोय नाकारणं हाही कायद्याच्या व्याख्येत भेदभावच आहे. म्हणून तुमच्यासाठी पुणे हाच पहिला दरवाजा. करारात लवादाचं, म्हणजे कोर्टाबाहेर पंचाकडून तंटा सोडवण्याचं, कलम असेल तर थकलेल्या मानधनासाठी तोही रस्ता वकिलाला विचारून घ्या.

‘सोय दिली तर खेळच बिघडेल,’ असं उत्तर तुम्हाला ऐकावं लागेल. अमेरिकेत गोल्फपटू केसी मार्टिनला हेच ऐकवलं होतं. पायाच्या आजारामुळे त्याला गाडीतून मैदान फिरायचं होतं. 2001 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला: चालणं हा गोल्फचा गाभा नव्हे. तो कायदा आपल्याकडे लागू नाही, पण तो प्रश्न आपल्या कामाचा आहे. प्रशिक्षकाच्या कामाचा गाभा धावणं आहे की शिकवणं, हे तुमच्या अर्जात स्वच्छ लिहा.

दोन गोष्टींत माणसं फसतात. सहा महिन्यांत बरी होणारी दुखापत म्हणजे दिव्यांगत्व नव्हे, ते दीर्घकालीन असावं लागतं. आणि 40 टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे, भेदभावाविरुद्ध दाद मागायला नाही. तरीही सिव्हिलमधून तपासणी करून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून घ्या, कारण पहिल्याच सुनावणीत ते मागतात. सीआरपीएफ, बीएसएफसारख्या दलांतल्या लढाऊ पदांना केंद्राने 2021 मध्ये या कायद्याच्या नोकरीविषयक तरतुदींतून सूट दिली आहे, त्यामुळे तिथल्या खेळाडूंनी थेट जाणकार वकील गाठावा.

माझा चढाईपटू आधी पुण्याला गेला. आज तो त्याच खात्यात, त्याच पगारावर भांडार विभागात बसतो, आणि संध्याकाळी आमच्या मैदानावर पोरांना चढाई कशी करायची ते खुर्चीवरून ओरडून शिकवतो.