एअरफायबर घेताय? छतावर नेमकं काय बसतंय ते आधी विचारा

फायबरची तार दारापर्यंत येत असेल तर तीच घ्या, पुढचं वाचायची गरज नाही. जिओ एअरफायबर आणि एअरटेल एक्स्ट्रीम एअरफायबर या टॉवरवरून बिनतारी इंटरनेट घरात आणणाऱ्या सेवा खऱ्या कामाच्या आहेत त्या तार न पोचणाऱ्या घरांसाठी : रस्ता खोदायची परवानगी अडकलेली गल्ली, बाहेरच्या कंपनीला जिन्यात तार टाकू न देणारी सोसायटी, हायवेपासून आत असलेली वाडी. अशा घरांसाठी सेवा चांगली आहे, पण टॉवर आणि तुमचं छत यांचं जमलं तरच.

कंपन्यांना याची इतकी घाई का, हे कळलं की ग्राहक म्हणून काय जपायचं तेही कळतं. ऑगस्ट २०२३ च्या वार्षिक सभेत जिओची मालक कंपनी रिलायन्सने सांगितलं, की फायबरने दिवसाला साधारण १५,००० जागा जोडता येतात, एअरफायबरने १,५०,००० पर्यंत. टॉवरवर ५जी बसवून झालंय आणि मोबाईलवाले ते पुरतं वापरत नाहीत. उरलेली क्षमता घरांना विकायची, असा हा हिशोब आहे. मात्र एक घर महिन्याला मोबाईलच्या कितीतरी पट डेटा ओढतं. त्यामुळे पहिल्या काही घरांना मिळणारा वेग त्याच सेक्टरवर, म्हणजे टॉवरच्या त्या दिशेच्या अँटेनावर, घरं वाढली की तसाच राहील, याची खात्री नसते.

दोन्ही कंपन्यांच्या वाटा सुरुवातीपासून वेगळ्या होत्या. जिओने २०२२ च्या स्पेक्ट्रम लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा बँडही (रेडिओ लहरींचा पट्टा) घेतला आणि पहिल्यापासून स्टँडअलोन ५जी उभारलं, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारं. त्यात नेटवर्कचा एक हिस्सा घरगुती जोडण्यांसाठी वेगळा राखता येतो. एअरटेलने ७०० चा बँड घेतला नाही. ४जीच्या खांद्यावर चालणारं नॉन-स्टँडअलोन ५जी लावून ते शहराशहरांत पटकन पसरवलं. मोबाईलसाठी तो शहाणपणाचा निर्णय होता, पण घरगुती ब्रॉडबँडसाठी अपुरा. म्हणूनच फिक्स्ड वायरलेससाठी, म्हणजे अशा बिनतारी घरगुती जोडण्यांसाठी, एअरटेलही पुढे स्टँडअलोनकडे वळली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एअरफायबर या नावाखाली दोन अगदी वेगळे रेडिओ बसतात. एक खरं ५जी : बाहेरच्या युनिटमध्ये सिम असतं आणि ते परवान्याच्या बँडवर, बहुतेक ३.३ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं. दुसरं यूबीआर, म्हणजे विनापरवाना बँडवरचा रेडिओ. हा ५ गिगाहर्ट्झवर चालतो, तोच बँड जो शेजारपाजारचे वायफाय राउटर वापरतात. जिओच्या जोडण्यांत यूबीआरचा वाटा मोठा आहे. बीएसएनएलचं भारत एअरफायबरही विनापरवाना बँडवरच आहे. यूबीआर वाईट नाही. समोरचा अँटेना थेट दिसत असेल तर ते झकास चालतं. पण मध्ये नवी इमारत उभी राहिली की संपलं, आणि दाट वस्तीत बाकीच्या रेडिओंचा गोंगाट त्याला सोसावा लागतो. म्हणून बुकिंगच्या वेळीच विचारा : सिमवालं की यूबीआर? उत्तर टाळलं तर बसवायला आलेल्या माणसाला विचारा, त्याला नक्की माहीत असतं.

बसवताना त्याच्यासोबत छतावर जा. त्याच्या मोबाईलमधल्या अ‍ॅपवर दोन आकडे दिसतात. आरएसआरपी, म्हणजे सिग्नलची ताकद, उणे ८० ते ९० च्या दरम्यान असेल तर उत्तम, उणे १०५ च्या खाली गेला तर जागा बदला. एसआयएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ आहे तो आकडा, १५ च्या वर हवा. तो ५ च्या खाली असेल तर सिग्नलच्या काड्या भरलेल्या दिसूनही वेग मिळत नाही, आणि बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं. युनिट तीन-चार फूट सरकवलं तरी हे आकडे बदलतात. पाण्याच्या टाकीमागे किंवा पत्र्याच्या शेडखाली ते लावू देऊ नका. समोर आंबा किंवा माड असेल तर मे महिन्यातला आकडा जुलैत टिकत नाही, कारण ओली पानं सिग्नल खातात.

छतावरून खाली येणारी नेटवर्कची वायर कॅट-६ प्रकारची, बाहेर वापरायची आणि शुद्ध तांब्याची असावी. याच वायरमधून युनिटला वीज जाते. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या वायरीत लांब अंतरावर व्होल्टेज पडतं आणि युनिट अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होत राहतं. वायर १०० मीटरच्या आत ठेवा. युनिटचं वायर जोडायचं तोंड खाली, तिथलं रबरी बूच घट्ट, आणि घरात शिरण्याआधी वायरीला खाली लोंबता वळसा. हा वळसा नसला की पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत थेट ॲडॅप्टरपर्यंत पोचतं.

वीज गेल्यावर फक्त राउटरला छोटा यूपीएस लावून भागत नाही, छतावरच्या युनिटच्या ॲडॅप्टरलाही बॅकअप लागतो. बाजारातले बहुतेक मिनी यूपीएस १२ व्होल्टचे असतात आणि पीओई ॲडॅप्टरचं (नेटवर्कच्या वायरीतूनच वीज देणाऱ्या) व्होल्टेज बरेचदा वेगळं असतं, तेव्हा त्यावरचं लेबल वाचूनच खरेदी करा.

अपलोडचा वेग फायबरच्या तुलनेत कमीच मिळतो. शिवाय स्वतंत्र सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता (बाहेरून तुमच्या जोडणीपर्यंत थेट पोचायचा इंटरनेटवरचा क्रमांक) सहसा मिळत नाही, त्यामुळे दुकानाचा जुना डीव्हीआर (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) बाहेरून पोर्ट उघडून बघायची सवय असेल तर ते जमणार नाही. क्लाउडवर चालणारा कॅमेरा चालेल.

दरांचं थोडक्यात. सप्टेंबर २०२३ मध्ये जिओने ५९९ रुपयांत ३० एमबीपीएस आणि ८९९ मध्ये १०० एमबीपीएस असे प्लॅन आणले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९९ चे सुमारे ७०७ होतात. एअरटेलने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ७९९ ला १०० एमबीपीएस आणि २,५०० रुपये परत मिळणारी अनामत ठेवून सुरुवात केली. ३० चा प्लॅन एक टीव्ही आणि दोन मोबाईलना पुरतो, चार माणसांच्या घरात १०० च घ्या. महिन्याची डेटा मर्यादा १ टीबी असेल तर दिवसाला सुमारे ३३ जीबी पडतात. ४के चित्रपट तासाला ७ जीबीच्या आसपास खातो, तेव्हा हा आकडा वाटतो तितका मोठा नाही.

जिओने वर्षभराचे पैसे एकदम भरणाऱ्यांना १,००० रुपये इन्स्टॉलेशन माफ केलं होतं. अशी सवलत समोर आली तरी आम्ही ते १,००० रुपये भरून कमी मुदतीचाच प्लॅन घ्यायला सांगू. रात्री ८ ते ११ या वेळात वायरने जोडलेल्या लॅपटॉपवर वेग तपासा, आठवडाभर रोज. तो प्लॅनच्या निम्म्यावर येत असेल तर सेक्टर भरलाय, आणि त्यावर छतावरचा कुठलाही उपाय चालत नाही.