मोकळा वेळ की लाइन थांबवायचा हक्क?

माणसांकडून नवं काही निघावं म्हणून वरिष्ठांनी त्यांना नेमकं काय द्यावं? दोन कंपन्यांनी दोन वेगळी उत्तरं दिली.

चिकटपट्ट्यांपासून अनेक वस्तू बनवणाऱ्या थ्रीएम या अमेरिकी कंपनीने वेळ दिला. 1948 पासून तिथले तंत्रज्ञ साधारण 15 टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांवर घालवू शकतात. पोस्ट-इट, म्हणजे चिकटवून पुन्हा काढता येणाऱ्या चिठ्ठ्या, हे त्याचं लाडकं उदाहरण, पण वेग बघा. तिथल्या स्पेन्सर सिल्व्हरला धड न चिकटणारा गोंद सापडला 1968 मध्ये. त्याचा सहकारी आर्ट फ्रायला त्याचा उपयोग सुचला 1974 मध्ये, कारण चर्चच्या गीतपुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या सारख्या गळायच्या. अमेरिकाभर विक्री थेट 1980 मध्ये. इतका दम धरणारा साहेब विरळाच!

टोयोटाने हक्क दिला. गाड्या जोडण्याच्या लाइनवर दोष दिसला की कोणताही कामगार मदतीसाठी लावलेली दोरी ओढतो, टीम लीडर येतो, आणि वेळेत निस्तरलं नाही तर लाइन थांबते. यातून पोस्ट-इट निघत नाही. छोट्या सुधारणा निघतात: हत्याराची जागा बदलते, कुणाचं वाकणं वाचतं. पण कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा बंद पडलेला, गैरहजेरीसाठी बदनाम कारखाना 1984 मध्ये टोयोटाच्या भागीदारीत सुरू झाला, तेव्हा कामगार बरेचसे जुनेच होते. गाड्यांचा दर्जा मात्र पार बदलला.

प्रयोगशाळा असेल तर पहिली वाट. कारखाना, बँकेची शाखा, हॉस्पिटलचा वॉर्ड असेल तर मी दुसरी निवडेन. ती जास्त अवघड आहे, कारण महिनाअखेरीला टार्गेट डोक्यावर असताना दोरी ओढणाऱ्यावर साहेबाला ओरडता येत नाही.