स्ट्रोकनंतरचं ‘रिकव्हरी पॅकेज’: रक्त घेणारा उत्तम, इंडेक्स बिनकामाचा

रेटिंग: पाचपैकी अडीच. त्यातले दोन तर रक्त न्यायला आलेल्या मुलाचेच.

बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा साडेचार तासांच्या आत मिरजेला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं. आता उजव्या हाताची फिजिओथेरपी चालू आहे. सहाव्या आठवड्यात भावाने पुण्याहून सांगलीच्या एका लॅबचं हे पॅकेज बुक केलं. साडेतीन हजार रुपये. त्यात उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), इन्सुलिन, लिपिड (रक्तातली चरबी), होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल, वाढलेलं असलं तर स्ट्रोकच्या धोक्याशी जोडतात), लॅक्टेट (पेशींना प्राणवायू कमी पडला की वाढतं) आणि शेवटच्या पानावर लाल-पिवळ्या-हिरव्या पट्टीवर ‘रिकव्हरी इंडेक्स’, म्हणजे पेशंट किती सुधारेल याचा अंदाज.

मुलगा सांगितल्या वेळेला, साडेसातला हजर. “काका, हा हात राहू द्या, डावा द्या,” म्हणत लुळ्या हाताला धक्काही न लावता एका टोचण्यात काम केलं. साखरेसाठी राखाडी बुचाची ट्यूब, एचबीएवनसीसाठी जांभळ्या, प्रत्येकीवर नाव आणि वेळ आमच्यासमोर लिहिली. याला मनापासून दाद.

पण त्याला पुढे आणखी घरं होती. लॅक्टेटचं रक्त बर्फात ठेवून लगेच लॅबला पोचवावं लागतं. होमोसिस्टीनचंही तेच: रक्तपेशी वेळेत वेगळ्या केल्या नाहीत तर ट्यूबमध्येच आकडा चढत जातो. ही नळी दुपारपर्यंत बॅगेत फिरली आणि रिपोर्टात होमोसिस्टीन १९, लाल अक्षरात. लॅबच्या काउंटरवर जाऊन पुन्हा दिलं तर १२. मधले चार दिवस बाबा जेवताना गप्प असायचे. घरून नीट नेता येत नाही ती तपासणी पॅकेजमध्ये घालूच नये.

इंडेक्सबद्दलचा राग वेगळा आहे. रक्तातल्या साखरेवरून स्ट्रोकनंतरच्या सुधारणेचा अंदाज येतो हे खरं, पण तो दाखल होतानाच्या साखरेवरून. बाबांची तेव्हा २३१ होती, एचबीएवनसी ७. न्यूरोच्या डॉक्टरांनी कागदावर मांडून दाखवलं: सातला २८.७ ने गुणा, ४६.७ वजा करा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साधारण १५४. २३१ भागिले १५४, दीड. साखर नेहमीच्या दीडपट, म्हणजे शरीराला जबर धक्का बसलेला. हे गुणोत्तर जास्त असलेल्या रुग्णांमध्ये इंजेक्शननंतरची सुधारणा सरासरीने कमी दिसते. सरासरीने! वय, झटक्याची तीव्रता, रक्तवाहिनी किती लवकर उघडली, हे सगळं सोबत पाहावं लागतं. सहा आठवड्यांनी उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात तो धक्का कुठून सापडणार?

आणि साखरेचा आकडा खाली ओढला म्हणून माणूस जास्त सुधारतो असंही नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शाइन’ या अमेरिकेतल्या चाचणीत ११५१ रुग्ण होते. निम्म्यांची साखर इन्सुलिनने ८० ते १३० मध्ये ठेवली, बाकीच्यांची १८० च्या खाली. नव्वद दिवसांनी दोन्ही गट जवळपास सारखेच; उलट कडक गटात साखर धोकादायक घसरण्याचे प्रकार झाले. म्हणून ‘इंडेक्स पिवळा’ बघून कुणी घरच्या घरी गोळ्या वाढवू नका, हात जोडून सांगते.

या रिपोर्टातलं खरंच कामाला आलं ते लिपिडचं पान. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ९६ होतं. डॉक्टरांना ७० च्या खाली हवं, म्हणून ते कमी करणाऱ्या अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन गोळीचा डोस वाढला. एचबीएवनसीवरून मधुमेहाची गोळीही ठरली. दोन्ही दुसरा झटका टाळण्यासाठी. हात किती सुधारेल याच्याशी त्यांचा संबंध नाही, आणि लॅबने पॅकेजच्या नावात तसं सुचवणं मला पटत नाही.

घ्यायचंच असेल तर एचबीएवनसी आणि लिपिड सुटे मागा, हजाराच्या आत होतात. फोनवर पॅकेजच गळ्यात मारायला बघतात, ठाम राहा. रिपोर्ट आधी डॉक्टरांना दाखवा, पेशंटच्या हातात नंतर द्या.