हनुकाच्या ४४ मेणबत्त्या, आणि शेवटी घाण्यावरचं खोबरेल

गेल्या हनुकाला, म्हणजे आम्हा ज्यूंच्या आठ रात्रींच्या दिव्यांच्या सणाला, ऑनलाइन मागवला होता हा बॉक्स, रंगीत मेणबत्त्या, ४४ नग. पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन असं करत आठ रात्रींच्या होतात ३६, आणि बाकीच्या जिच्यावरून पेटवायच्या ती शमाश रोज एक, म्हणजे आणखी ८. हिशोब चोख आहे पण जास्तीची एकही नाही, आणि अलिबागला घरी पोचेस्तोवर त्यातल्या तीन मोडल्या, नुसत्या वातीला लोंबकळत होत्या.

रंग छान आहेत, वास नाही, धूर कमी. पण बुडखे जाड! आमच्या पितळी स्टँडमध्ये एक बसेल तर शपथ, रोज संध्याकाळी आई सुरीने तासत बसायची. आणि दिवे खिडकीत ठेवायचे, रस्त्यावरनं लोकांना दिसायला हवेत ना, तर आमची खिडकी समुद्राकडे, वाऱ्याने मेण एका अंगाने भराभर ओघळायचं, वीस मिनिटांत खेळ खलास. अंधार पडल्यावर निदान अर्धा तास तरी जळायला हव्यात. चौथ्या रात्री लाईट गेली आणि आईने सवयीने मेथीची जुडी खिडकीपाशी ओढली, मग स्वतःच हसली, या उजेडात काम करायचं नसतं. मोबाईलच्या टॉर्चवर मेथी निवडली.

खरी गोची शुक्रवारी. शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्य बुडतानाच लागतो. हनुकाचे दिवे शब्बाथच्या दिव्यांच्या आधी लावायचे, म्हणजे सूर्य बुडायच्या आत, आणि तरी ते अंधार पडल्यावर अर्धा तास राहिले पाहिजेत. या मेणबत्त्यांच्या बापाला जमणार नाही. मग मी बाजारातल्या घाण्यावरनं अर्धा लिटर खोबरेल आणलं, शेजारच्या काकूंनी देवघरातलं वातींचं पाकीट दिलं आणि सात पणत्या मांडल्या, सहा आणि शमाश. तर थंडीने बाटलीत तेल गोठलेलं! खोबरेल २४-२५ डिग्रीच्या खाली गेलं की थिजतंच, बाटली गरम पाण्यात उभी केली तेव्हा कुठे धार पडली. पण जळल्या बघा, दोन तास, संथ, आणि घरभर आजीच्या वेणीचा वास.

आजीच्या माहेरी घाणा होता. आम्ही बेने इस्रायली, कोकणातले ज्यू, म्हणजे शनिवार तेली, अलिबागजवळच्या नौगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागलेले, गावोगाव तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे. गंमत अशी की जेरुसलेमच्या मंदिरात एक दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं त्याचा हा सण, आणि आमच्या तेल्यांना तोच माहीत नव्हता, शब्बाथ पाळला, सुंता पाळली, पण हनुका पुष्कळ नंतर बाहेरनं आलेल्या शिक्षकांकडून कळला. इतकी वर्षं मी मेणबत्त्याच लावत आले, ब्राखा, म्हणजे दिवे लावतानाची प्रार्थना, म्हणायची, फोटो काढायचा, झालं. त्या शुक्रवारी पहिल्यांदा वाटलं की हा सण आपल्या घरातला आहे, तेल आपलंच होतं की. शेवटच्या तिन्ही रात्री तेलच लावलं.

मेणबत्त्यांना पाचातले दोन, ते पण रंगांसाठी. तेलाला पाच, फक्त बाटली रुंद तोंडाची घ्या. बॉक्समधल्या २४ उरल्यात, त्या मोडक्या तीन धरून, लाईट जाते तेव्हा उपयोगी पडतील म्हणून ड्रॉवरमध्ये टाकून ठेवल्यात.