सोळा टीबीची डबी

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका फिरत्या विक्रेत्याकडून ‘१६ टीबी’ची, म्हणजे सोळा हजार जीबीची, पोर्टेबल एसएसडी (फाइली साठवायची वेगवान डबी) १,८०० रुपयांना घेतली. “पात्राव, जन्मभर पुरता,” म्हणाला. तेवढ्या पैशांत खरी अर्ध्या टीबीचीही येत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी घेतली!

बाबांनी वास्कोच्या सप्ताहात आणि गणेश चवथीला घुमट या मातीच्या वाद्यावर होणाऱ्या आरत्यांच्या वेळी टेप केलेल्या १४० कॅसेटी मी दोन वर्षं रात्री जागून लॅपटॉपवर उतरवल्या होत्या. नव्वद मिनिटांची कॅसेट वेव्ह फाइलमध्ये साडेनऊशे एमबीच्या आसपास जाते; सगळं मिळून १३० जीबी. डबीत सगळं बिनतक्रार गेलं. यादीत प्रत्येक नाव, प्रत्येक आकार बरोबर. पहिल्या चार-पाच वाजवून बघितल्या आणि लॅपटॉप पुसून भाचीला दिला.

चवथीला बाबांनी नेमकी शंभर नंबरची मागितली. वाजेचना. पासष्टच्या पुढची एकही वाजेना.

डबी फोडली. आत ६४ जीबीचं मेमरी कार्ड, गोंदाने चिकटवलेलं, आणि वजनाला लोखंडी पट्टी. कार्डाच्या कंट्रोलरला, म्हणजे ते चालवणाऱ्या चिपला, ‘मी १६ टीबीचा’ असं खोटं बोलायला शिकवलेलं असतं आणि संगणक ते खरं मानतो. फाइलींची यादी सुरुवातीच्या खऱ्या जागेत असते, म्हणून शाबूत दिसते. जागा संपल्यावर पुढचं हवेत जातं. काही नकली ड्राइव्ह तर नवं जुन्यावरच लिहितात.

म्हणून प्रॉपर्टीजमधला आकडा बघून समाधान मानू नका. ड्राइव्ह रिकामी असतानाच विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्स-मॅकवर एफथ्री चालवा. ही सॉफ्टवेअरं ड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचून बघतात. रात्र जाते, जाऊ दे. आणि एसएसडीचा वेग हवाच कशाला? सीडीच्या दर्जाचं गाणं सेकंदाला ०.२ एमबीसुद्धा मागत नाही. साध्या हार्ड डिस्क घ्या, पक्क्या बिलावर, आणि दोन घ्या. वापरलेली डिस्क नवी म्हणून खपवतात. क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये डिस्क किती तास चालली ते दिसतं, पण लबाड लोक तेही शून्यावर आणतात. सिरीयल नंबरवरून वॉरंटी तपासलेली बरी.

तो विक्रेता पुढच्या शुक्रवारी नव्हता. पैसे रोख, बिल नाही.

कॅसेटी माळ्यावर होत्या, त्या पुन्हा उतरवतोय. ब्याऐंशी नंबरच्या फितीवर पावसाळ्याची पांढरी बुरशी आहे. ती प्लेअरमध्ये घालायची अजून हिंमत झालेली नाही.