जेल प्लेट : दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत वापरल्यावर

दिवाळीच्या सेलमध्ये आठ बाय दहा इंची जेल प्लेट घेतली. जाडसर, पारदर्शक, लिबलिबीत वडीच म्हणा. तिच्यावर रोलरने अ‍ॅक्रेलिक रंग पसरायचा, पानं, दोरे, कांद्याच्या पिशवीची जाळी दाबायची, वर कागद ठेवून तळहाताने चोळायचा आणि उचलायचा. कागदावर ठसा उमटतो, छपाईचं यंत्र लागत नाही. निघालेले कागद फाडून, चिकटवून, शिवून मी वह्यांची कव्हरं आणि भेटकार्डं करते. पसारा मात्र विचारू नका. खाली रद्दी अंथरूनच बसावं.

पैसे वसूल होतात ते पानांच्या ठशांत. पिंपळाचं ताजं पान शिरांची बाजू खाली करून ठेवायचं. पहिल्या कागदावर नुसता पानाचा आकार कोरा उठतो. मग पान अलगद उचलायचं. त्याच्या शिरा रंगात उमटलेल्या असतात आणि दुसऱ्या कागदावर अख्खी जाळी उतरते. मी तर पहिला कागद निव्वळ या दुसऱ्यासाठी काढते. फक्त रंगाचा थर अगदी विरळ हवा. रोलर पचपचला की रंग जास्त झाला, शिरा बुजल्याच. वाळकं पान नको, चुरा होऊन चिकटतं.

दिवाळी अंकांतल्या गुळगुळीत जाहिरातीही छान उतरतात. गडद रंगाच्या विरळ थरावर जाहिरातीचा कागद पालथा दाबून लगेच उचलायचा. कोरा कागद रंग ओढून घेतो, छपाईची शाई घेत नाही, त्यामुळे दागिने घातलेली बाई प्लेटवर राहते. ती वाळली की वरून पांढरा किंवा पिवळा रंग फिरवून कागद ठेवायचा आणि जरा वेळ थांबायचं. सगळे थर एकदम सुटून येतात, आधी लावलेला सर्वांत वर. घरचे फोटो वापरायचे तर लेझर प्रिंट काढा. इंकजेटचा उपयोग नाही. तरी दर जाहिरात उतरेलच असं नाही, यात नशिबाचा भाग बराच आहे.

उन्हाळ्यात स्वस्तातला रंग कागद ठेवेपर्यंत वाळून जायचा, पंखा बंद करून घाम पुसत बसावं लागलं. जुलैत उलट, थर वाळता वाळत नाही. जाहिरातींचं काम हिवाळ्यातच करावं, पानांना पावसाळा उत्तम.

कागद साधा गुळगुळीत कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद, चांगला. खरबरीत हातकागदाचे धागे प्लेटला चिकटतात. पतंगाच्या कागदावर ठसे सुरेख येतात, पण खळ लागली की त्याचा स्वतःचा रंग सुटतो.

तक्रारी आहेत. माझ्या प्लेटमध्ये आधीपासूनच बुडबुडे होते, विक्रेत्याने बदलून दिली नाही. कडेला नखाचा ओरखडा गेलाय, तो आता प्रत्येक ठशात दिसतो. रंगाचे डाग मात्र राहिले तरी बिघडत नाही. बेबी ऑइलने पुसून, सोबत आलेल्या प्लास्टिकच्या दोन तावांमध्ये सपाट ठेवायची. छापील कागदावर ठेवली तर शाई ओढून घेते.

किंमत जड वाटत असेल तर घरी करता येते: ८५ ग्रॅम जिलेटिन, दीड कप ग्लिसरीन, तीन कप पाणी. चिरली तर वितळवून पुन्हा ओतायची. पण उकाड्यात ती मऊ पडते, आणि जिलेटिन प्राणिजन्य असल्याने आमच्या सासूबाईंनी स्वयंपाकघरातलं पातेलं दिलं नाही. विकतच्या प्लेटसोबत मिळणारा स्पंजचा रोलर फेकून द्या, रबराचा घ्या.